पडद्यावरची हडळ



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते वहीत लिहून झाले आणि बोलणं निघालं भुताच्या सिनेमांवर. कुणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला, कुणी भाड्याच्या व्हिडिओवर. तेवढ्यात एका नव्या सुनेने विचारलं, "ताई, पण सिनेमात भूत सारखं बाईचंच का हो असतं?" सगळ्या हसल्या. मी मात्र घरी जाऊन त्यावर विचार करत बसले.

आपल्या आजीच्या काळातल्या बऱ्याच हिंदी सिनेमांत खरं तर भूत नसायचं. १९४९ सालच्या 'महल'मध्ये मधुबाला हवेलीत झोपाळ्यावर दिसते, अशोककुमारला वाटतं ही गेल्या जन्मीची. शेवटी कळतं, ती तिथल्या माळ्याची मुलगी. १९६४ च्या 'वो कौन थी'मध्ये भर पावसात पांढऱ्या साडीतली साधना गाडी थांबवते. तिथेही भूतबीत काही नाही. इस्टेट मिळावी म्हणून डॉक्टरला वेडा ठरवायचा तो डाव असतो. वाटणीसाठी माणसं काय काय करतात हे आपण पाहिलंय, म्हणून मला हे सिनेमे अजून खरे वाटतात.

मग आले रामसे बंधू. सात भाऊ. कॅमेरा, आवाज, दिग्दर्शन अशी कामं त्यांनी घरातच वाटून घेतली होती. थोडक्या पैशात सिनेमा काढायचा आणि लहान गावांतून चालवायचा. १९७२ साली त्यांचा 'दो गज जमीन के नीचे' आला. त्यांच्या बऱ्याच सिनेमांत शेवटी माणूस निघत नसे, भूत खरंच असायचं. १९८४ च्या 'पुराना मंदिर'मधला सामरी आठवतो? राजा त्याचं मुंडकं उडवायला निघतो, तेव्हा तो शाप देतो: तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल.

हा सिनेमा मी शाळेत असताना शेजारच्या व्हिडिओवर पाहिला. सामरीच्या तोंडाची भीती वाटलीच, पण शापाची जास्त वाटली. कारण आमच्या आळीतली एक वहिनी बाळंतपणात गेली होती. रक्त थांबेना, गाडी मिळेना, रस्ता चिखलाचा. गेली. आणि महिनाभरात लोक सांगू लागले की ती ओढ्याकाठच्या चिंचेखाली हडळ होऊन बसते. बाळंतीण मेली की तिची हडळ होते, कुठे तिला आळवंत म्हणतात. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. पोरं तिला हडळीची पोर म्हणायची. मीही एकदा म्हटलंय. गाडी का मिळाली नाही, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. त्या मुलीने सातवीनंतर शाळा सोडली. आज ती दुसऱ्या गावात नांदते, तिथल्या गटाची सचिव आहे.

पुढे हवेली गेली आणि भूत आपल्यासारख्या घरात आलं. रामगोपाल वर्मांचा १९९२ चा 'रात', मग २००३ चा 'भूत'. त्यात मुंबईतला फ्लॅट आहे, गाणं एकही नाही. ऊर्मिला मातोंडकरच्या अंगात येते ती खून झालेली बाई, आणि तिला खुन्याचा हिशोब चुकता करायचा असतो. त्या सिनेमात डॉक्टरही येतो आणि मंत्रतंत्र जाणणारी बाईही. इथे एक सांगते. सिनेमा सिनेमाच्या जागी. घरातल्या कुणाला असा त्रास झाला तर आधी दवाखाना. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, चटके देणं, उपाशी बांधून ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि आता? २०१७ चा मराठी 'लपाछपी' बघा. गरोदर पूजा सावंत उसाच्या फडातल्या घरात येऊन राहते. भीती वाटते ती मुलगी नको म्हणणाऱ्या घराची. त्यावरूनच पुढे हिंदीत 'छोरी' निघाला. २०१८ च्या 'स्त्री'मध्ये तर चंदेरी गावातले पुरुष अंधार पडला की घराबाहेर पडायला घाबरतात, आणि बायका त्यांना सांगतात, लवकर घरी या. आमच्या गटात या जागी हसू आवरेना.

'लपाछपी' आम्ही बैठकीनंतर मोबाईलवर पाहिला, फोन पिठाच्या डब्याला टेकवून. फडात कोयता चालवलेल्या दोघी होत्या. त्यातली एक म्हणाली, उसात भूत कधी दिसलं नाही, दिवस भरलेल्या बायका मोळ्या उचलताना दिसल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सुनेने फोन उचलला, चार्जिंग संपत आलं होतं.

तुमच्या गावात चिंचेखाली, विहिरीवर कोण बसते म्हणतात? ती जिवंत असताना तिचं नाव काय होतं, कशाने गेली, हे तुमच्या आजीला विचारा आणि आम्हाला लिहून कळवा. पुढच्या भागात ती पत्रं वाचू. नमस्कार.