‘लो’ : गोंगाटातही तोच संथपणा

अमेरिकेतल्या डुलुथच्या ‘लो’ बँडने ‘डबल निगेटिव्ह’मध्ये (२०१८) आपला मूळ स्वभावच सोडला, हा आक्षेप मला पटत नाही. पहिला अल्बम, ‘आय कुड लिव्ह इन होप’ (१९९४), ऐका : मिमी पार्कर मोजक्याच ड्रमवर ब्रश फिरवते आणि दोन ठोक्यांमधल्या शांततेत तिचा व ॲलन स्पारहॉकचा सूर एकमेकांत मिसळतो. पुढे त्या शांततेची जागा फाटक्या, घरघरणाऱ्या आवाजाने घेतली, कुठे कुठे शब्दही बुडाले, हे मान्य. पण लयीला घाई कधीच झाली नाही. ‘हे व्हॉट’मध्ये (२०२१) तर ड्रम जवळजवळ गायब आहेत, गोंगाट तसाच, आणि त्याच्याही पुढे दोघांचे गळे, लख्ख. माझ्या लेखी हा त्यांचा सर्वांत धीट अल्बम.