स्लोव्हाक आणि जपानी : नाते शब्दांचे, शेजार वाक्याचा

परकी भाषा म्हटली की आपल्याकडील हुशार मुलेमुलीही दोन पावले मागे सरतात. इंग्रजीनेच इतके रडवलेले असते की आणखी एका भाषेचे नाव नको वाटते. "आमच्या घरात कोणी शिकलेले नाही, आमच्या जिभेला ते कसे वळणार?" असे विद्यार्थी विचारतात. आमचे म्हणणे असे की, ज्याला मराठी येते त्याच्या गाठीला बरेच काही आधीच असते. ते किती आणि कोठे, हे पाहण्यासाठी येथे मुद्दाम दोन टोकांच्या भाषा घेतल्या आहेत.

स्लोव्हाक ही मध्य युरोपातील स्लोव्हाकियाची भाषा. हा देश १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनातून स्वतंत्र झाला. भाषा बोलणारे सुमारे ५० लाख, लिपी रोमन. जपानी बोलणारे सुमारे १२ कोटी. वंशाने पाहिले तर स्लोव्हाक आपली दूरची चुलत बहीण, कारण संस्कृत, पाली, मराठी आणि स्लोव्हाक या एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. जपानी त्या कुळातली नाही. तेव्हा स्लोव्हाक सोपी आणि जपानी अवघड, असे कोणीही म्हणेल. पण जरा थांबावे.

"मित्राच्या घरी" एवढे दोनच शब्द घेऊ. स्लोव्हाक माणूस म्हणतो, "व दोमे प्रियातेल्या". यातील 'प्रियातेल' म्हणजे मित्र. तो आपल्या 'प्रिय' शब्दाचा भाऊबंद. 'दोम' म्हणजे घर. 'दंपती' शब्दात जो घर या अर्थाचा 'दम्' दडला आहे, त्याचाच हा नातेवाईक. शब्द असे घरचे, पण रचना उलटी : आधी 'आत', मग 'घर', शेवटी 'मित्राच्या'. जपानी म्हणतो, "तोमोदाचि नो इए दे". एकही शब्द ओळखीचा नाही. मात्र 'तोमोदाचि' मित्र, 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'इए' घर, आणि 'दे' हा आपल्या सप्तमीसारखा मागून लागणारा शब्द. मराठीच्या क्रमाने एकेक शब्द बदलत गेलो की जपानी तयार! क्रियापदही आपल्यासारखेच शेवटी येते. "किमासु का?" म्हणजे "येता का?" हा 'का' दोन्हीकडे प्रश्नाचाच आणि वाक्याच्या शेवटीच. उकाड्यात जपानी मनुष्य "अत्सुइ ने" म्हणतो, आपण "उकडतंय ना" म्हणतो. हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून नाते जोडू नये. पण शिकणाऱ्याला योगायोगाचाही उपयोग होतो.

स्लोव्हाकची खरी गंमत तिच्या उच्चारांत आहे. शाळेत आपण वर्णमालेत ऋ आणि ऌ घोकले, पण बोलताना 'रु' आणि 'लृ' करून मोकळे झालो. स्लोव्हाकमध्ये हे स्वर आजही जिवंत आहेत. लांडगा म्हणजे 'वॢक', संस्कृतातील 'वृक'. मरण म्हणजे 'स्मृत्य', त्यात 'मृत्यु' स्पष्ट ऐकू येतो. त्यांचे दीर्घ रूपही त्या भाषेत आहे. ह्रस्व-दीर्घाची शिस्त तर दोन्ही भाषांत कडक. स्लोव्हाकमध्ये 'क्रिक' म्हणजे आरडाओरडा आणि 'क्रीक' म्हणजे झुडूप. जपानीत 'ओजिसान' काका, 'ओजीसान' आजोबा. शुद्धलेखनाला कंटाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लिंगे स्लोव्हाकमध्ये मराठीप्रमाणे तीन. जपानीत एकही नाही. मोजण्याचे मात्र दोघींचेही त्रांगडे आहे. स्लोव्हाकमध्ये "दोन घरे" सरळ. पण पाचापासून पुढे "पाच घरांचे" अशी षष्ठी लागते. जपानीत वस्तूचा आकार पाहून मोजतात : पुस्तकांना 'सात्सु', लांबोळक्या वस्तूंना 'होन', पातळ-सपाट वस्तूंना 'माइ'. बँकेतल्या नोटा या 'माइ'त बसतात. आपणही माणसांना "तीन जण" म्हणतोच.

आदरार्थाचे काय? स्लोव्हाकमध्ये 'ति' आणि 'वि', म्हणजे आपले तू आणि तुम्ही. जपानीत क्रियापदच बदलते : साधे खाणे 'ताबेरु', आदरणीय व्यक्तीचे 'मेशिआगारु', आपले नम्रपणे सांगायचे 'इतादाकु'. अरे-तुरे कोणाला करतात आणि अहो-जाहो कोणाला, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसून पाहिले आहे. या भागाला नुसते व्याकरण म्हणून हलके घेऊ नये.

आता लिपी. जपानी अक्षरे पाहून मुले घाबरतात, पण त्यांची उजळणी ऐकावी : अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम आपल्या वर्णमालेचा आहे! चवर्गाच्या जागी 'स' आहे, आणि 'ह'चा उच्चार फार पूर्वी 'प' होता, म्हणून तो 'म'च्या आधी आला. हा क्रम तेथे पोहोचला तो बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून. भिक्षू कूकाइ इ.स. ८०४ मध्ये चीनला गेले आणि ८०६ मध्ये परतताना सिद्धम् लिपीतील ग्रंथ घेऊन आले. म्हणजे अंकलिपीत आपण जे गिरवतो, त्याचीच ओळ जपानी मूल म्हणते.

मूळ हिरागाना अक्षरे ४६, आणि स्लोव्हाक वर्णमालेतही अक्षरे ४६च. पण स्लोव्हाक तेवढ्यावर थांबते. जपानीत त्यापुढे काताकाना आणि मग कांजी ही चिनी चित्राक्षरे येतात. २०१० च्या सरकारी यादीत नित्य वापराची कांजी २१३६ आहेत. रोज पाच पक्की केली तर चौदा-साडेचौदा महिन्यांत यादी संपते. विसरलेल्यांची थकबाकी मात्र दर रविवारी वसूल करावी लागेल.