सरकीचा कापूस वर्गात

देवापुढच्या वाती वळण्यासाठी आजी परातीत कापूस घेऊन बसते आणि बोटांनी एकेक सरकी निवडून बाजूला टाकते, तेव्हा तिच्या गुडघ्याशी बसलेल्या नातवाला आपण इतिहासाचा आणि भूगोलाचा एक पाठ प्रत्यक्ष पाहत आहोत याची जाणीव नसते. आणि दुसऱ्या दिवशी शाळेत ‘कापूस हे महाराष्ट्रातील प्रमुख नगदी पीक आहे’ हे वाक्य तो घोकतो, तेव्हा त्या वाक्याचा आजीच्या परातीशी काही संबंध आहे असे त्याला कोणी सांगतही नाही. सामाजिक शास्त्रांच्या आपल्याकडील अध्यापनाचे मुख्य न्यून या तुटलेल्या दुव्यात आहे, असे मला वाटते.

हा दुवा जोडण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न अमेरिकेत झाला. 1896 च्या जानेवारीत जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाने शिकागो विद्यापीठाच्या आश्रयाने, अवघी 16 मुले आणि दोन शिक्षक एवढ्या सामग्रीवर, एक प्रायोगिक शाळा सुरू केली. तीत स्वयंपाक, सुतारकाम, शिवण आणि विणकाम यांना जे स्थान होते ते मुलांनी एखादा धंदा शिकावा म्हणून नव्हे, तर मनुष्याने आपल्या गरजा कोणकोणत्या कष्टांनी आणि युक्त्यांनी भागविल्या याचा इतिहास मुलांनी आपल्या हातांनी पुन्हा अनुभवावा म्हणून होते. एकदा एका गटाच्या हाती कच्चा कापूस देण्यात आला. मुलांनी अर्धा तास खपून बोंडातून आणि सरकीतून तंतू मोकळे केले, आणि शेवटी जी रुई निघाली ती एक औंसही, म्हणजे आपल्या जुन्या मापाने अडीच तोळेही, भरली नाही. दिवसभर राबूनही एका माणसाच्या हातून एका पौंडापलीकडे कापूस पिंजण्याजोगा होत नसणार, हे मग त्या मुलांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. आणि आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का वापरीत, याचे उत्तर त्यांच्या दुखऱ्या बोटांनीच त्यांना दिले. हे कारण मुलांनी सांगेपर्यंत आपल्यालाही ठाऊक नव्हते, अशी प्रांजळ कबुली ड्यूईने 1899 सालच्या आपल्या व्याख्यानांत दिली आहे. शिक्षकाला विद्यार्थ्याकडून ज्ञान मिळाल्याचे असे जाहीर दाखले शिक्षणाच्या इतिहासात फार थोडे आढळतील.

परंतु हाच उपक्रम यवतमाळ किंवा जळगाव जिल्ह्यातील एखाद्या शाळेने जसाच्या तसा उचलला, तर त्याचे उत्तर चुकेल, आणि त्या चुकण्यातच त्याचे खरे मोल आहे. आपले पूर्वज लोकर नेसत नव्हते. मोहेंजोदडोच्या उत्खननात सुती कापडाचे अवशेष मिळाले आहेत, आणि त्यानंतरच्या हजारो वर्षांत या देशाचे सुती कापड दूरदूरच्या बंदरांत उतरत होते. मग सरकी काढण्याचे कष्ट येथे नव्हते काय? असतील तर आपल्या लोकांनी त्यावर कोणता उपाय योजला? या प्रश्नाच्या मागे लागलेल्या मुलांना गावातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडून चरकीचे वर्णन ऐकायला मिळेल: परस्परविरुद्ध दिशांनी फिरणारी दोन लाटणी, त्यांच्यामधून तंतू पुढे ओढला जातो आणि सरकी मागे राहते. सुताराच्या मदतीने अशी चरकी वर्गात करता येते, आणि बोटांनी अर्ध्या तासात किती रुई निघाली व चरकीने किती निघाली हे तराजूत घालून पाहता येते. ‘संस्कृती’ या जड शब्दाचा अर्थ त्या दोन वजनांतील फरकातून जितका स्पष्ट होतो, तितका व्याख्येतून क्वचितच होईल.

अमेरिकेतील आखूड धाग्याचा कापूस सरकीला घट्ट चिकटलेला असे. तेथे 1793 मध्ये एली व्हिटनीने दातेरी यंत्र बनविले आणि सरकी काढण्याचे काम सोपे झाले. यंत्र आले म्हणजे कष्ट सरले, असे मुले लगेच म्हणतील. शिक्षकाने त्यांना तेथे थांबू देऊ नये. त्या देशाच्या खानेसुमारीनुसार 1790 मध्ये गुलामांची संख्या सुमारे 7 लाख होती, ती 1860 मध्ये 39 लाखांवर गेली. सरकी काढणे स्वस्त झाले म्हणून कापसाचा पेरा वाढला, पेरा वाढला म्हणून वेचणाऱ्या हातांची मागणी वाढली, आणि ते हात साखळदंडांत होते. हे दोन आकडे फळ्यावर लिहून शिक्षकाने काही वेळ स्तब्ध राहावे.

यापुढची कथा आपल्या दाराशी येते. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव असे भडकले की शहरात सट्ट्याचा ज्वर संचारला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातेच्या नावाने देणगी देऊन उभारलेला मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा त्या कापूसयुगाचीच खूण आहे. तेजीच्या काळात रयतेला सढळ हाताने मिळणारे कर्ज मंदीत आटले, त्यात सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढविला, आणि 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयतेने सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. हा प्रसंग वर्गात उभा करणे अवघड नाही. काही मुलांनी रयत व्हावे, काहींनी सावकार, एकाने मामलेदार; रोखा मुलांनी स्वतः लिहावा, व्याजाचा हिशेब गणिताच्या तासाला करावा, आणि मामलेदारापुढे दोन्ही बाजूंचे जबाब नोंदवून घ्यावेत. जो मुलगा आज रयत झाला त्याने उद्या सावकार व्हावे, एवढा एकच नियम मी आग्रहाने सांगेन. कारण दोन्ही जबाब ज्याच्या तोंडून निघाले, त्याला इतिहासातील माणसांना केवळ दुष्ट आणि सुष्ट अशा दोन रांगांत बसविणे यापुढे कठीण जाते.

या पद्धतीचा उगम परदेशी आहे म्हणून कोणी तिला नाके मुरडू नयेत. याच ड्यूईपाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अध्ययन केले होते, आणि 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’ या शिक्षणयोजनेचा जो आराखडा तयार केला, त्यात कातकाम केंद्रस्थानी ठेवून इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांना सामाजिक अभ्यास या एका विषयात गुंफले होते. पुढे पुष्कळ शाळांत टकळी मात्र फिरत राहिली आणि तिच्याभोवतीचे प्रश्न हरपले, ही खेदाची गोष्ट खरी. पण तो दोष टकळीचा नव्हता.

जगातील संस्कृतींच्या नावाखाली आपल्या शाळांत होणाऱ्या वेशभूषेच्या स्पर्धांविषयीही बोलले पाहिजे. किमोनो पांघरून हातात कागदी पंखा घेतलेली मुलगी ‘मी जपान’ असे म्हणते, टाळ्या पडतात, आणि जपानी माणूस म्हणजे सदासर्वदा पंखा हलविणारा प्राणी, अशी समजूत घेऊन सारे घरी जातात. परक्या लोकांचे कपडे अंगावर घालण्यापेक्षा त्यांच्यापुढे पडलेले एखादे कोडे आपल्यापुढे मांडून घेणे अधिक शिकवून जाते. दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांच्या विशाल साम्राज्याला आपण लिपी म्हणतो तशी लिपी नव्हती. राज्यकारभाराचे हिशेब ते सुती किंवा लोकरी दोऱ्यांना गाठी मारून ठेवीत, आणि त्या दोऱ्यांना क्वीपू म्हणत. एका मुख्य दोरीला अनेक दोरे लोंबत. प्रत्येक दोऱ्यावर शतकाच्या गाठी वर, दशकाच्या त्याखाली, एककाची गाठ सर्वांत खाली. आणि शून्य म्हणजे मोकळी सोडलेली जागा. एक आठवडा सर्व वर्गांचा हजेरीपट असा दोऱ्यांवर ठेवून पाहावा. चौथ्या दिवशी एखादी गाठ चुकेल, पाचव्या दिवशी ती कोणत्या वर्गाची हा वाद निघेल, मग कोणीतरी रंगीत दोरा आणण्याची युक्ती सुचवील. आणि तेव्हा शिक्षकाने सांगावे की दोऱ्यांचे निरनिराळे रंग इंकांच्या दप्तरातही होते.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतात तेव्हा विदर्भात आणि खानदेशात कापसाची वेचणी चाललेली असते. माझी शिक्षकांना विनंती आहे की त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी सरकीसकट थोडा कापूस आणि एक तराजू वर्गात आणावा, पुस्तके दप्तरात ठेवायला सांगावीत, आणि अर्धा तास स्वतः एक शब्दही बोलू नये.