वाडवडिलांचे घर : पाडावे की सावरावे?

मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळ मागे टाकून खंडव्याच्या दिशेने वळली, की वाटेत तापीकाठचे बुऱ्हाणपूर लागते. गाव मध्य प्रदेशातले. परंतु खानदेशाला अगदी लागून असल्यामुळे तेथील बाजारात आणि घराघरांत मराठी सहज कानी पडते. पुण्यास जशा वारांच्या नावांच्या पेठा आहेत, तसेच येथेही बुधवारा, शनवारा, इतवारा असे मोहल्ले आहेत. एकेकाळी हे शहर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी होते. १६०१ साली अकबराने हा मुलूख घेतल्यावर ते मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे झाले.

या गावात दोन जुनी बांधकामे पाहण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे तापीच्या काठावरील शाही किल्ला. शाहजहानची बेगम मुमताजमहल हिचे १६३१ सालच्या जून महिन्यात बुऱ्हाणपुरातच निधन झाले. बादशाही गेली, वस्ती उठली, आणि आज त्या राजवाड्याचा बराचसा भाग पडका आहे. रंगीत नक्षीच्या छताचे हमामखाने तेवढे मागे उरले आहेत. दुसरे बांधकाम म्हणजे कुंडी भंडारा. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत, सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने गावाकडे आणण्यात आले. बोगद्यावर ठिकठिकाणी विहिरींसारख्या कुंड्या आहेत. कोणतेही यंत्र नसता, केवळ उताराच्या जोरावर चारशे वर्षांनंतरही तेथे पाणी वाहते. मात्र त्या पाण्यात चुन्याचा अंश असल्यामुळे आतल्या भिंतींवर पांढरे थर चढतात आणि वाट अरुंद होत जाते; हे थर वेळोवेळी काढले नाहीत, तर पाणी अडते.

या दोहोंपासून घ्यावयाचा बोध सरळ आहे. जेथे माणसे राहत नाहीत, तेथे राजाने बांधलेली भिंतही टिकत नाही. आणि जे नित्य वापरात असते, तेही साफसफाईवाचून चालत नाही. बुधवाऱ्यासारख्या मोहल्ल्यातील जुने घर काय, अथवा आपल्या गावचे वडिलोपार्जित घर काय, दोहोंस हाच नियम लागू पडतो. वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच : जुने घर पाडून सिमेंटचे नवे उभारावे, मधोमध भिंत घालून वाटून घ्यावे, की सर्वांनी मिळून ते सावरावे? यास्तव या विषयाचा थोडा सविस्तर विचार करू.

घर कोणाचे?

गवंड्यास बोलावण्यापूर्वी एक काम उरकावयास हवे, ते म्हणजे घरातील सर्वांचे एकमत. समजा, तीन भाऊ आणि दोन बहिणी आहेत. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले. अशा वेळी पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांत असा समज असतो, की घर भावांचे. बहिणी लग्न होऊन गेल्या, त्यांचा संबंध सुटला. हा समज चुकीचा आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्याच्या मागे पत्नी व मुले असल्यास, पत्नीस एक तृतीयांश हिस्सा मिळतो आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांत सारखे वाटले जातात; मुलगा आणि मुलगी असा भेद कायदा करीत नाही. गोव्यात स्वतंत्र नागरी कायदा आहे, तेथील रीत निराळी. परंतु महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात सामान्यतः हाच नियम आहे.

तेव्हा आईला आणि सासरी गेलेल्या बहिणींना बोलवावे, त्यांच्यासमोर सर्व मांडावे, आणि जे ठरेल ते लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कोणी पैसा घालणार, कोणी राहणार, कोणी नुसता हक्क राखणार, हे आधीच स्पष्ट असले म्हणजे पुढे कटुता येत नाही. एका भावाने पदरचे पैसे घालून छप्पर घातले आणि दहा वर्षांनी वाटणीच्या वेळी त्याचा हिशेबच कोणी धरला नाही, अशा कारणावरून सख्खी भावंडे अबोला धरतात. वीट सरली तर पुन्हा बसवता येते. अबोला मोडणे त्याहून कठीण.

जुन्या मोहल्ल्यांत आणखी एक गोष्ट असते, ती सामाईक भिंतीची. दोन घरांना मिळून एकच भिंत असते, आणि आपली तुळई शेजाऱ्याच्या बाजूने टेकलेली असते. म्हणून शेजाऱ्यालाही विश्वासात घ्यावे. गावात ग्रामपंचायतीची व शहरात नगरपालिकेची परवानगी कोणत्या कामास लागते, याचीही चौकशी आधीच करावी.

प्रथम पाण्याचा बंदोबस्त

जुन्या घराचा खरा शत्रू म्हणजे पाणी. ते वरून गळते, खालून ओलीच्या रूपाने चढते, आणि मोरीतून आडवे पसरते. म्हणून दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी एक पावसाळा नुसता पाहण्यात घालवावा. कोठे थेंब पडतो, कोणत्या भिंतीला ओल येते, अंगणातले पाणी कोठे तुंबते, हे सर्व तारखेसह एका वहीत टिपावे. हे काम शाळेतील मुलांकडे सोपविण्यासारखे आहे. भिंतीला भेग असेल, तर तिच्यावर प्लास्टरची एक पातळ पट्टी आडवी लावून तीवर तारीख घालावी. काही महिन्यांनी पट्टी अखंड राहिली, तर भेग जुनी व स्थिर समजावी. पट्टी तडकली, तर भिंत अजून हलत आहे असे जाणून जाणत्या अभियंत्यास दाखवावे. बुऱ्हाणपुरात यंत्रमागाचा धंदा मोठा आहे; ज्या जुन्या घरात माग दिवसरात्र ठोकत असतो, तेथे तर ही काळजी अधिकच घ्यावी.

खानदेशात धाब्याची घरे असतात. धाबे गळू लागले, की दरवर्षी वर नवी माती घालण्याची रीत आहे. परंतु जुनी माती न काढता थरावर थर चढत गेले, म्हणजे खालच्या तुळयांवर मूळचा हिशेब सोडून ओझे पडते आणि एखाद्या पावसाळ्यात भिजलेले धाबे खाली बसते. आधी माती उतरवावी, लाकूड तपासावे, मगच नवी घालावी. त्याचप्रमाणे रस्त्यावर वेळोवेळी नवा थर पडून तो उंच होतो आणि जोत्याजवळ पाणी साचू लागते. अशा घराला आतून कितीही रंग दिला तरी तो फुगून पडणारच. पाण्याला बाहेर वाट करून देणे, हे रंगाच्या आधीचे काम आहे.

चुना आणि सिमेंट

जुनी भिंत विटा, माती आणि चुन्याची असते; ती ओल शोषते व सुकवतेही. सिमेंटचा गिलावा तसा नसतो. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात १८२४ साली घेण्यात आले. त्यापूर्वी पक्क्या बांधकामात मुख्यतः चुना वापरीत. नव्या बांधकामात सिमेंट उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु जुन्या मऊ विटेवर त्याचा कडक थर दिला, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. ती वर चढते, विटा भुसभुशीत होतात, क्षार फुटतात, आणि काही वर्षांनी गिलावा विटेचा तुकडा घेऊनच सुटतो.

चुन्याचे शास्त्र सोपे आहे. चुनखडी भट्टीत भाजली, की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवला, म्हणजे फक्की अथवा लोणी तयार होते. भिंतीवर लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा दगड बनतो. हे काम सावकाश होते. म्हणून गिलावा पातळ थरांनी द्यावा लागतो व कित्येक दिवस ओलसर राखावा लागतो. जुने गवंडी चुन्यात विटांची सुरखी, गूळ, हिरडा, बेलफळ असे जिन्नस घालीत आणि बैलाच्या घाणीत तो मळून घेत. आजही चुन्याचे काम जाणणारे कारागीर शोधल्यास सापडतात. असे काम थंडीत करावे. वैशाखाच्या उन्हात गिलावा वरून लवकर सुकतो आणि तडकतो.

लाकूड सावरणे

सातपुड्याचे सागवान नामांकित. जुन्या घरातील खांब पुष्कळदा वर ठणठणीत आणि खाली बुडाशी कुजलेला असतो, कारण ओल तेथेच लागते. अशा वेळी संपूर्ण खांब फेकून देण्याचे कारण नसते. कसबी सुतार तुळईला टेकू देतो, कुजका भाग कापतो आणि चांगल्या लाकडाचा तुकडा सांधून खांब पुन्हा दगडी तळखड्यावर बसवतो. कोठे किती कुजले आहे, हे अणकुचीदार आरीने टोचून कळते. लंडनमध्ये विल्यम मॉरिस प्रभृतींनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापिली, तिचाही आग्रह हाच होता, की मोडके ते नेमके दुरुस्त करावे, आणि जुन्याला नवेपणाचा मुलामा देऊ नये.

ज्याचे त्याचे काम

सर्व कुटुंबाने हात लावावा, परंतु कोणी काय करू नये हेही ठरवावे. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते व डोळ्यांत उडाल्यास दृष्टी जाण्याचे भय असते. तेथे मुलांनी फिरकू नये. टेकू देणे, तुळई उतरवणे आणि विजेच्या तारा बदलणे ही कामे जाणत्यांचीच. जुन्या तैलरंगात शिसे असू शकते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ सालापासून आली. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवणे मुलांना अपायकारक आहे.

बाकी कामे भरपूर आहेत. साबूत विटा व कौले निवडून रचणे, गिलाव्यावर पाणी मारणे, दारे-खिडक्यांना तेल देणे, हिशेब लिहिणे, कामकऱ्यांना जेवू घालणे. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, की पूर्वी पन्हळ कोणीकडे होती, बुजवलेली विहीर कोठे आहे, माडीचा जिना केव्हा हलवला. अशी माहिती कोणत्याही कागदावर सापडत नाही. आणि स्वयंपाकघराचा निर्णय पुरुषांनी ओट्यावर बसून घेऊ नये. ओटा किती उंच असावा, धूर कोठून जावा, पाणी कोठून यावे, हे तेथे राबणारीनेच सांगावे. आजी-आजोबांसाठी मोरी जवळ व उंबरठा ठेंगणा हवा, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

खर्चाचा क्रम

एकदम कर्ज काढून सर्व घर उकलण्यापेक्षा एका हंगामात एकच काम पुरे करावे. पहिल्या वर्षी छप्पर व पाण्याचा निचरा, दुसऱ्या वर्षी लाकूड व भिंती, तिसऱ्या वर्षी वीज, फरशी आणि शेवटी रंग. नाताळ झाला की काम काढावे, आणि मृग नक्षत्रापूर्वी छप्पर झाकलेले असावे.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगावयास हवी. प्रत्येक जुने घर वाचतेच असे नाही. पाया खचत असेल, भिंत पोटातून फुगली असेल, अभियंत्याने राहण्यास धोका सांगितला असेल, तर ममतेपोटी म्हाताऱ्या आईला त्या छताखाली ठेवणे योग्य नव्हे. अशा वेळी घर उतरवावे. परंतु चांगले सागवान, दारे, दगड व विटा जपून नव्या घरात लावाव्यात. आणि घर वाचण्यासारखे असेल, तर ते पावसाच्या आणि भाऊबंदकीच्या हवाली करू नये. येत्या सुट्टीत सर्व भावंडे एकत्र येतील, तेव्हा एक वही, एक पेन्सिल आणि एक शिडी घेऊन सर्वांनी मिळून घराभोवती एकदा फिरून यावे. पुढचे बोलणे त्या वहीतूनच सुरू होईल.