मल्टिकास्ट ग्रुपला ॲडमिन नसतो

'ग्रुप' म्हटलं की व्हॉट्सॲप डोळ्यांसमोर येतं. ॲडमिन, सभासदांची यादी, अमुक बाहेर पडल्याची नोंद. मल्टिकास्टबद्दलचे, म्हणजे एकाने पाठवलेलं एकाच वेळी अनेकांनी ऐकण्याच्या पद्धतीबद्दलचे, निम्मे गैरसमज इथूनच सुरू होतात.

२३९.१.१.५ हा ग्रुप म्हणजे निव्वळ एक पत्ता. संगणकाला त्यावरचं ऐकायचं असेल तर तो आपल्याच नेटवर्क कार्डाला सांगतो, की या पत्त्याचं काही आलं तर टाकून देऊ नकोस. मग आयजीएमपीचा, म्हणजे ग्रुपमधलं सभासदत्व कळवण्याच्या प्रोटोकॉलचा, 'रिपोर्ट' नेटवर्कवर सोडतो. परवानगी कुणाची लागत नाही. नुसतं पाठवायचं असेल, तर सामील होण्याचीही गरज नाही.

राउटर सगळ्या सभासदांची नावं लिहून ठेवतो, असंही नाही. या बाजूला निदान एक तरी ऐकणारा आहे ना, एवढंच त्याला पुरतं. म्हणून तो साधारण दर १२५ सेकंदांनी विचारतो, आणि संगणक १० सेकंदांच्या आत उत्तर देतात.

'प्रोग्रॅम बंद केला की प्रवाह लगेच थांबतो' हे अर्धंच खरं. आयजीएमपीच्या १९८९च्या पहिल्या आवृत्तीत निरोप घेण्याची सोयच नव्हती; ती १९९७च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. निरोप मिळाला की राउटर 'अजून कुणी आहे का?' असं सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारतो आणि उत्तर नसेल तर थांबतो. पण संगणक हँग झाला, तर निरोप देणार कोण? मग प्रवाह २६० सेकंदांपर्यंत चालूच राहतो.

सर्वांत त्रासदायक गैरसमज स्विचबद्दलचा. मल्टिकास्ट आपोआप फक्त सभासदांकडे जात नाही. साधा स्विच ते सगळ्या पोर्टवर ओततो. त्यावर उपाय आयजीएमपी स्नूपिंग, म्हणजे स्विचने हे रिपोर्ट चोरून ऐकणं. ते चालू केलं की काम झालं, असं वाटतं. पण नेटवर्कात प्रश्न विचारणारा, म्हणजे 'क्वेरिअर', नसेल तर? मल्टिकास्टने येणारं कॅमेऱ्याचं चित्र झकास सुरू होतं आणि सुमारे चार मिनिटांनी गोठतं. प्रश्नच नाही म्हणून उत्तर नाही, उत्तर नाही म्हणून स्विच ते पोर्ट विसरतो. बंद करून पुन्हा लावा, आणखी चार मिनिटं मिळतात. लोक तोवर केबल बदलतात, कॅमेऱ्यालाही शिव्या घालतात. खरं तर स्विचमध्येच क्वेरिअर चालू करायचा असतो.

अशा वेळी 'प्रिंटर तर सापडतोय, म्हणजे मल्टिकास्ट ठीक आहे' या युक्तिवादात दम नाही. प्रिंटर शोधताना वापरला जाणारा २२४.०.०.२५१ हा पत्ता २२४.०.०च्या राखीव पट्ट्यातला. त्या पट्ट्यातलं मल्टिकास्ट स्विच सहसा सर्व पोर्टवर सोडतोच, क्वेरिअर असो वा नसो.