रणगाड्याचा साज आणि कावळ्याची फांदी

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे. तिथे फांदीऐवजी ताडाचे फळ पडते, एवढाच काय तो फरक. सांगायचे दोन्हीकडे एकच : दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे ठरत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आपण हे वहीत उतरवून घेतो, परीक्षेत त्यावर टीप लिहून गुणही मिळवतो. परंतु वर्गाबाहेर पाऊल पडले की हा न्याय वहीतच राहतो. प्रस्तुत लेखात मी संगणकावरच्या एका लढाईच्या खेळाविषयी लिहिणार आहे. गुरुजनांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. लेखात रणगाडे पुष्कळ असले तरी प्रश्न तर्कशास्त्राचाच आहे.

खेळाचे नाव 'वर्ल्ड ऑफ टँक्स'. १९९८ मध्ये बेलारूसमधील मिन्स्क येथे स्थापन झालेल्या 'वॉरगेमिंग' या कंपनीने तो काढला. २०१० मध्ये तो रशियात आणि २०११ मध्ये युरोप-अमेरिकेत सुरू झाला. खेळाचे स्वरूप सोपे आहे. एका बाजूला पंधरा खेळाडू, दुसऱ्या बाजूला पंधरा. प्रत्येकाकडे एक रणगाडा. वेळ जास्तीत जास्त पंधरा मिनिटे. शत्रूचे सगळे रणगाडे निकामी करा किंवा त्याचा तळ ताब्यात घ्या, की जिंकलात. एकदा रणगाडा फुटला की त्या लढाईपुरता तुमचा कारभार आटोपला. समोरचे पंधरा आणि आपल्या बाजूचे चौदा हे सगळे कुठल्या ना कुठल्या गावी पडद्यासमोर बसलेली खरी माणसे असतात.

घोड्याला जसा साज चढवतात तसा या रणगाड्यालाही चढवता येतो. खेळाडू त्याला 'लोडआउट' म्हणतात. मी साजच म्हणेन. वरच्या श्रेणीच्या रणगाड्यावर साधने बसवायला तीन जागा असतात. साधने मात्र तीनांहून कितीतरी अधिक आहेत आणि २०२० मध्ये या पद्धतीची फेरमांडणी झाल्यापासून निवड आणखी अवघड झाली आहे. 'गन रॅमर' बसवला तर तोफ भरण्याचा वेळ १० टक्क्यांनी घटतो. 'कोटेड ऑप्टिक्स' म्हणजे लेप दिलेली भिंगे लावली तर दृष्टीचा पल्ला १० टक्क्यांनी वाढतो. दुर्बिणीने तो २५ टक्क्यांनी वाढतो, पण रणगाडा सलग तीन सेकंद जागीच उभा असेल तरच. लपण्यासाठी जाळी असते. तिलाही हीच तीन सेकंदांची अट आहे. एक घ्यावे तर दुसरे सोडावे लागते. म्हणून 'कोणता साज चांगला?' या प्रश्नावर आमच्या वसतिगृहात जेवणापासून मध्यरात्रीपर्यंत वाद चालतात.

माझ्या खोलीतल्या मित्राने मागच्या सत्रात आपल्या मध्यम रणगाड्यावरची भिंगे काढून दुर्बीण बसवली. त्याआधी तो सलग हरत होता. दुर्बीण लावल्यावर दहा लढायांपैकी सात जिंकला. "दुर्बीण लावली आणि नशीबच पालटलं बघ!" असे त्याने जाहीर केले, आणि सगळ्या रणगाड्यांचा साज बदलण्याचा बेत आखला. इथे प्रश्न पैशाचा आला. बसवलेले साधन मोडून टाकायला काही लागत नाही, पण ते शाबूत उतरवून घ्यायचे तर खेळातले 'सोने' मोजावे लागते. आणि सोन्याची बेगमी करायचा सोपा मार्ग म्हणजे खरे पैसे. ते पैसे घरून मेससाठी येणाऱ्या रकमेतून जायचे होते. म्हणून मी त्याला म्हटले, "आठवडाभर थांब. आपण तपासून पाहू."

पहिली तपासणी केवळ कागद-पेन्सिलीची होती. समजा, साजाचा परिणाम शून्य आहे आणि प्रत्येक लढाई म्हणजे निव्वळ नाणेफेक आहे. दहा वेळा नाणे उडवले असता सात किंवा त्याहून अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता किती? एकूण १०२४ प्रकारांपैकी १७६ प्रकारांत असे घडते. म्हणजे सुमारे १७ टक्के, सहात एकदा. आमच्या वसतिगृहात चोवीस जण हा खेळ खेळत असतील आणि सर्वांनी एकाच दिवशी साज बदलला असेल, तर साज कुचकामी असूनही चौघे जण सात-सात, आठ-आठ लढाया जिंकून त्याचे पोवाडे गातील. दुसरे चौघे तितक्याच हरून त्याच्या नावाने बोटे मोडतील. गंमत अशी, की पोवाडे गाणारे चौघे मेसमध्ये मोठ्याने बोलतात आणि उरलेले गप्प जेवतात.

शिवाय लढाई ही साधी नाणेफेकही नाही. निकाल तीस जणांच्या खेळावर ठरतो. त्यांतला मी एक. समोर आपल्याहून दोन श्रेणी वरचे रणगाडे येतील की खालचे, हे सर्व्हर ठरवतो. रणभूमीही तोच निवडतो. गोळ्याची चिलखत भेदण्याची ताकद आणि त्याने होणारे नुकसान छापील आकड्यापेक्षा २५ टक्क्यांपर्यंत खाली किंवा वर जाते; ४०० नुकसानीचा गोळा कधी ३०० करील, कधी ५००. त्यातच वसतिगृहाचे इंटरनेट रात्री नऊनंतर रांगू लागते. एवढ्या कोलाहलात एका दुर्बिणीचा आवाज दहा लढायांत ऐकू येईल, ही अपेक्षाच भाबडी आहे.

आणखी एक बारकावा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. माणूस साज केव्हा बदलतो? जिंकत असताना कुणी बदलत नाही. ओळीने हरला, वैतागला, की बदलतो. पण पडता काळ कायम टिकत नाही. काही न करताही पुढच्या लढाया सरासरीच्या जवळ येतात. ताप उतरणीला लागल्यावर घेतलेला काढा जसा नेहमीच गुणकारी ठरतो, तसा हरण्याच्या तळाशी चढवलेला साज नेहमीच लाभतो. गुण काढ्याचा की दिवसांचा, हे त्यावरून कळत नाही.

मग कळायचे कसे? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात व्यतिरेकाची पद्धत सांगितली आहे : दोन प्रसंग असे घ्या, की एक गोष्ट सोडून बाकी सर्व सारखे असेल; मग परिणामात पडलेला फरक त्या एका गोष्टीच्या नावावर मांडता येतो. भर लढाईत बाकी सर्व सारखे कधीच नसते. म्हणूनच खरी वाहनेही आधी रणांगणाबाहेर तपासतात. आपल्याच राज्यात अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. तिथे लष्करी वाहने चाचणीपथावर फिरवून तपासली जातात. या खेळातही असे चाचणीचे मैदान आहे. 'ट्रेनिंग रूम' उघडली की आपण आणि आपला मित्र, दोघेच विरुद्ध बाजूंनी उतरू शकतो.

आम्ही तसेच केले. मित्राने आपला दुसरा एक रणगाडा मोकळ्या जागी उभा केला. झुडूप नाही, जाळी नाही, हालचाल नाही, गोळीबार नाही. मी त्याचा मध्यम रणगाडा घेऊन दुरून थोडे थोडे पुढे सरकायचो आणि दर थांब्याला सहा सेकंद उभा राहायचो. तीन दुर्बिणीच्या अटीसाठी आणि उरलेले यासाठी, की लांबचा शत्रू दिसतो की नाही हे खेळ दर दोन सेकंदांनीच पाहतो. शत्रू दिसला की पडद्यावर अंतर मीटरमध्ये उमटते. ते वहीत लिहायचे. आधी मूळ साज, मग फक्त भिंगे, मग फक्त दुर्बीण. एका वेळी एकच बदल.

यामागचे गणित खेळाडूंना माहीत असते. आपल्या दृष्टीच्या पल्ल्यातून ५० वजा करायचे, उरलेल्यातून शत्रूच्या लपण्याच्या टक्केवारीइतका भाग काढायचा आणि तो मूळ पल्ल्यातून वजा करायचा. मूळ पल्ला ३८० मीटर आणि शत्रूचे लपणे ३० टक्के धरले, तर तो २८१ मीटरवर दिसतो. भिंगांनी पल्ला ४१८ होतो आणि शत्रू ३०८ मीटरच्या आसपास दिसतो. दुर्बिणीने पल्ला ४७५ होतो आणि तोच शत्रू सुमारे ३४७ मीटरवर सापडतो. उघड्यावरचा शत्रूही ४४५ मीटरपलीकडे दिसतच नाही, तेवढी मर्यादा खेळाने घातली आहे. आमच्या वहीतले आकडे या गणिताला धरून आले. प्रत्येक साजासाठी चार-पाच फेऱ्या पुरल्या, कारण इथे नशिबाला जागाच नव्हती. विजय हा कारणापासून फार लांबचा परिणाम आहे. वाटेत त्याला एकोणतीस माणसे भेटतात. दिसण्याचे अंतर कारणाला चिकटून असते. जे कारणाच्या जवळ आहे ते मोजावे, हा या सगळ्या उद्योगातून मिळालेला पहिला धडा.

दुर्बीण भिंगांपेक्षा ४० मीटर अधिक दाखवते हे सिद्ध झाल्यावर मित्राने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. पण मैदानावर साधन काय करू शकते आणि आपल्या हातात ते काय करते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गन रॅमरचेच पाहा. दहा सेकंदांची तोफ नऊ सेकंदांत भरली, तर पाच मिनिटे अखंड मारा करणाऱ्याला तीसऐवजी तेहतीस गोळे मिळतात. पण पाच मिनिटे अखंड मारा करायला मिळतो कुणाला? बहुतेक वेळ भिंतीआड दबा धरण्यात जातो. तेव्हा तोफ भरलेलीच असते आणि वाचलेला सेकंद कुणाच्या कामी येत नाही.

दुर्बिणीसाठी याची तपासणी सोपी होती. हा खेळ खेळलेल्या लढायांची नोंद जपून ठेवू शकतो आणि ती पुन्हा पाहता येते. मित्राच्या त्या दहा लढाया आम्ही शेजारी शेजारी बसून पाहिल्या. तो सलग तीन सेकंदांहून अधिक केव्हा थांबतो, तेवढेच टिपत गेलो. स्वभावाने तो चंचल; त्याचा रणगाडाही तसाच. जिंकलेल्या सातांपैकी चार लढायांत तो धड थांबलाच नव्हता. दोन लढाया हिमेल्सडॉर्फ या शहरी रणभूमीवर झाल्या होत्या; तिथे बहुतेक ठिकाणी इमारतींमुळे मोकळी नजर फार लांब जात नाही. म्हणजे बहुतेक विजयांच्या वेळी दुर्बीण झोपलेली होती. फांदी तुटली होती खरी, पण कावळा तिच्यावर बसलाच नव्हता! मालिनोव्काच्या मोकळ्या माळावर झालेल्या एका लढाईत मात्र तो झुडपाआड बराच वेळ थांबला होता, आणि तिथे दुर्बिणीने आपले काम चोख बजावले होते.

यापुढे जाऊन भर लढाईतही साज तपासता येतो, पण त्याचे पथ्य कडक आहे. दोन साज तयार ठेवून लढाई सुरू होण्यापूर्वी त्यांतला एक निवडण्याची सोय खेळात आहे. ही निवड नाण्यावर सोपवावी. स्वतः निवडले, तर मोकळ्या माळावर आपण आपसूक दुर्बीण घेतो आणि मग श्रेय माळाचे की दुर्बिणीचे, हा गुंता होतो. काय मोजणार हे आधीच लिहून ठेवावे. आपण शोधून दिलेल्या शत्रूवर साथीदारांनी केलेले नुकसान लढाईच्या शेवटी आकड्यात मिळते. दृष्टीच्या साधनासाठी तेच माप योग्य. शहर आणि माळ यांची नोंद वेगवेगळी करावी. आणि हरलेली लढाई 'ही काही खरी नव्हे' म्हणून वहीतून खोडू नये.

कुणी म्हणेल, एवढे कशाला? सरळ विजयांची टक्केवारीच अचूक काढू. काढता येईल, पण त्याची किंमतही ऐकावी. १०० लढायांत नुसत्या योगायोगाने टक्केवारी ४० ते ६० यांच्यामध्ये कुठेही असू शकते. ४०० लढायांत ती ४५ ते ५५ या टप्प्यात येते. एका टक्क्याच्या आत नेमकी आणायची तर १०,००० लढाया हव्यात. लढाई सरासरी सहा मिनिटांची धरली, तरी हे एक हजार तास झाले. एवढ्या वेळात माणूस पदवी परीक्षेचे सगळे पेपर दोनदा तयार करील. काही प्रश्नांची उत्तरे मिळणे शक्य असते, पण परवडत नाही. अशा वेळी 'ठाऊक नाही' म्हणून थांबणे हेच शहाणपण, आणि त्यात कमीपणा मुळीच नाही.

मित्राने सोने घेतले नाही. एका जागी थांबून टेहळणी करणाऱ्या आपल्या एका रणगाड्यावर त्याने दुर्बीण ठेवली, आणि पळत्या रणगाड्यासाठी पुन्हा भिंगे मिळवली. तो आजही जिंकतो तसाच हरतो. पण का हरला याची कारणे आता जरा सावधपणे सांगतो.

वाचकहो, रणगाडे बाजूला ठेवा. अमक्याचे गाइड वापरले आणि पास झालो, तमका पेन नेला आणि पेपर सोपा गेला, मेसचा स्वयंपाकी बदलला आणि पोट बिघडले, ही विधाने आपण सगळेच करतो. त्यांतली काही खरीही असतील. पण प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारायला हवेत : याखेरीज आणखी काय काय बदलले होते? हे न करताही तसेच घडले असते का? आणि ज्याला आपण श्रेय देतो आहोत, ते त्या वेळी खरोखर काम करीत होते का? आपण कला शाखेचे विद्यार्थी. प्रयोगशाळा आपल्या वाट्याला येत नाही, पण हे तीन प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. एक वही पुरते, आणि नावडते उत्तरही त्या वहीत उतरवण्याची तयारी.