फाल्गुनातला घास, आषाढातली गाबोळी

परवा आषाढात पिंपरीच्या बाजारातून कटला आणला. दर्यावरची मासेमारी 1 जूनपासून बंद होते, त्यामुळे या दिवसांत आमच्या संत तुकाराम नगरातल्या स्वयंपाकघरांत तळ्या-धरणांतल्या माशांचा मान वाढतो. (तुकोबांच्या नावाच्या वस्तीत बसून मासळीवर लिहितो आहे, याची जाणीव आहे!) मासळीवालीने कटला चिरला, तो आत गाबोळीच गाबोळी. "अर्धं पोट अंड्यांचंच आहे, काका," ती म्हणाली. मला मात्र एकदम 1991 साल आठवले.

तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत असे. एका कर्जदाराने तळ्यात कटला, रोहू आणि मृगळ पाळले होते. विकायला नव्हे, बीज काढायला. फाल्गुनात पाहणीला गेलो. शेंगदाणा पेंडीची आणि कोंड्याची पोती संपत होती, माशांचे वजन मात्र जवळजवळ होते तेवढेच. "साहेब, आता ते अंगाला लावत नाहीत, पोटात धरतात," तो गृहस्थ सांगत होता. असली कारणे मी रोज ऐकत असे. 'खाद्यावरील खर्च अनुत्पादक' असा शेरा मारला आणि कर्जाचा पुढचा हप्ता रोखला.

निवृत्तीनंतर उत्सुकतेपोटी वाचत गेलो, तेव्हा कळले की तो माणूस शब्दशः खरे बोलत होता. मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या देहाचा खर्च साधारण दुप्पट होतो. थंडीत भूकच मंदावते. फाल्गुनापासून पाणी तापू लागते, दिवस मोठा होतो, आणि मादीचे यकृत अंड्यांच्या बलकासाठी प्रथिन तयार करू लागते. रक्तावाटे ते अंडाशयात जाऊन साठते. खाल्ले ते कुठे गेले, तर इथे. अंड्यात पाणी कमी, सत्त्व जास्त. त्यामुळे तराजूला ते पुरते दिसत नाही. आणि मी तराजूच पाहत होतो!

याच दिवसांत चारा तोडला तर मादी आधी अंगची चरबी मोडते, आणि तीही पुरली नाही तर तयार होत आलेली अंडी शरीरातच जिरवून टाकते. अर्थात नुसता कोंडा भरमसाट चारणेही घातकच. मासा गुबगुबीत होतो, अंडाशयाभोवती चरबी साचते आणि ऐन वेळी अंडी सुटत नाहीत.

हे मासे बंद तळ्यात अंडी धरतात, पण वाहत्या पाण्यावाचून सहसा घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशाच्याच पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून ती अडचण सोडवली. माझ्या कर्जदारानेही त्या आषाढात इंजेक्शने दिली. पण इंजेक्शन अंडी सोडवते. पोटात नसलेली अंडी ते आणणार कुठून? बीज निघाले अगदी थोडे. दुसऱ्या वर्षी त्याने तळे भाड्याने दिले. मुलगा पुढे चाकणला कारखान्यात लागला, असे ऐकले.

आमच्याकडून लोकलने लोणावळ्याला गेले की वळवणचे तळे लागते. तिथे टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकात महाशीरची पैदास सुरू केली. साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये शास्त्रात नोंदवलेला हा मासा आपल्या मुळा-मुठेचाच. त्याची अंडी कटल्याहून मोठी, पण संख्येने फारच कमी. म्हणून एकेका मादीला जपावे लागते. तिथे मादीच्या चाऱ्याला 'अनुत्पादक' म्हणणारा कोणी साहेब आला असता तर?

"गाबोळी वेगळी बांधू का, काका?" मासळीवालीने दोनदा विचारले म्हणे. मी हो म्हणालो. घरी हिने हळद-मीठ लावून ती तळली. "आज गप्प का?" म्हणाली. मग जेवता जेवता तिला हे सगळे सांगितले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच.